नेरूळहून एनएफएलचा कोच होता येतं का?

मंडळी, मागे एकदा सुपर बोलवर, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या फायनलवर, चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून पत्रांत तोच विषय. मला वाटायचं ठाणे-नवी मुंबईत हा खेळ बघणारे मी आणि आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा एवढेच असू, पण नाही, नेरूळपासून कळव्यापर्यंत लोक रात्री जागून बघतायत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी अकरा वर्षं ओहायोतल्या एका कॉलेजात आयटी डिपार्टमेंटला होतो आणि फुटबॉल टीमच्या व्हिडिओचे सर्व्हर माझ्याकडे असायचे, त्यामुळे कोच लोकांच्या खोलीत कायम येणं-जाणं. मी कोच नव्हतो, खेळलो तर मुळीच नाही, मी वायरी जोडणारा माणूस. पण वायरी जोडणाऱ्यासमोर लोक मोकळं बोलतात, त्या भांडवलावर आजची उत्तरं.

प्रश्न: काका नमस्कार. मी नेरूळला राहतो, आयटी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नववीत व्हिडिओ गेममुळे एनएफएलचं वेड लागलं आणि आता सीझनमध्ये रविवारी रात्री साडेदहाला पहिली मॅच सुरू झाली की मी सोमवारी कॉलेजला जाईपर्यंत झोपत नाही. मी स्वतः हा खेळ कधीच खेळलेलो नाही, शाळेत साधा फुटबॉल खेळायचो तोही राखीव. पण मॅच बघताना मला खेळाडूंपेक्षा तो हेडसेट लावून, हातात हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखा लॅमिनेट केलेला कागद घेऊन उभा असलेला माणूस जास्त भारी वाटतो. मला तो व्हायचंय. घरी बोललो तर बाबा म्हणाले आधी केटी सोडव. खरं सांगा, न खेळता कोच होता येतं का, कोर्स कुठला करायचा, आणि पैसे किती मिळतात?

उत्तर: बाबांचं बरोबर आहे, केटी सोडव. का ते पुढे येईलच, ती केटी तुला अमेरिकेपर्यंत आडवी येणार आहे.

तुझ्या घराजवळ डीवाय पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथे दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड कप घेतला, बहुतेक तू आवाज घरबसल्या ऐकला असशील. त्या टीमचा हेड कोच अमोल मुझुमदार. पहिल्याच फर्स्ट क्लास मॅचला २६० मारले, अकरा हजारांवर रन्स केले, आणि भारताची कॅप एकदाही नाही. त्या रात्री व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होतं की बघा, न खेळता माणूस वर्ल्ड कप जिंकवतो. अरे न खेळता कसा, वीस वर्षं उन्हात उभा होता की तो! फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याला घेतलं नाही. एनएफएलच्या कोच लोकांचंही बरचसं असंच आहे, एनएफएल न खेळलेले ढिगाने सापडतील, पण अजिबातच न खेळलेले शोधावे लागतात.

बिल बेलिचिक घे, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल. वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात खेळला, इकॉनॉमिक्सची डिग्री घेतली, एनएफएलमध्ये खेळाडू म्हणून एक मॅच नाही. शॉन मॅकव्हेला २०१७ मध्ये एनएफएलच्या रॅम्स टीमने हेड कोच केलं तेव्हा तो ३० वर्षांचा होता, कॉलेजात बॉल पकडणारा रिसीव्हर होता, पुढे काही नाही. आता गंमत बघ, बेलिचिकचे वडील नेव्हीच्या अकादमीत फुटबॉलचे कोच आणि स्काऊट, हा लहानपणापासून वडिलांच्या मांडीला मांडी लावून मॅचच्या फिल्म बघायचा. मॅकव्हेचे आजोबा १९७० च्या दशकात जायंट्सचे हेड कोच. म्हणजे आडनावाचं वजन तिकडेही असतं, उगाच आपण आपल्याच क्रिकेट असोसिएशन्सना नावं ठेवतो.

तुझ्यासारखे, म्हणजे कॉलेजातही न खेळलेले, मला चटकन दोन आठवतात. टॉड हेली, २००९ ते २०११ कॅन्सस सिटीचा हेड कोच, कॉलेजात हा गोल्फ खेळायचा. पण वडील स्टीलर्स टीममध्ये खेळाडू निवडणाऱ्या विभागाचे प्रमुख. दुसरा माइक लीच. याने वकिलीची डिग्री घेतली आणि वकिली न करता १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात एका कॉलेजच्या टीमला किरकोळ पगारावर चिकटला. १९८९ मध्ये तर हा फिनलंडला जाऊन पोरी बेअर्स नावाच्या टीमचा कोच होता! तिथून फिरत फिरत टेक्सस टेक या मोठ्या युनिव्हर्सिटीचा हेड कोच, आणि त्याची ती सतत पास फेकत राहायची पद्धत आज अमेरिकेतल्या शाळाशाळांत खेळतात. २०२२ मध्ये गेला बिचारा. एनएफएलला तो कधीच पोचला नाही हेही लक्षात ठेव. तर न खेळलेल्यांना दोन दारं, एक बापाच्या ओळखीचं, एक फिनलंडचं. तुझे बाबा एनएफएलमध्ये नाहीत असं गृहीत धरतो.

कोर्सचं म्हणशील तर तसा कोर्सच नाही. आपल्याकडे क्रिकेटला लेव्हल वन, लेव्हल टू असते, साध्या फुटबॉलला लायसन्स असतं, तसं एनएफएल कोचचं काही सर्टिफिकेट नसतं, ते उमेदवारीचं काम आहे, सोनाराच्या पेढीवर पोरगा जसा आधी झाडू मारतो तसं. नेहमीची सुरुवात म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, सगळे त्याला नुसतं जीए म्हणतात. तू त्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन घ्यायची, फी माफ होते किंवा बरीच कमी होते, वर थोडा स्टायपेंड, आणि बदल्यात टीम सांगेल ते काम. ॲडमिशनला मार्कशीट लागते, मार्कशीटवर केटी दिसते, कळलं का बाबा काय म्हणत होते ते.

आता ते सांगेल ते काम म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुढच्या शनिवारी ज्या टीमशी मॅच आहे त्यांच्या मागच्या चार-पाच मॅचेसची फिल्म घ्यायची आणि एकेक प्ले, म्हणजे एकेक डाव, सुटा करायचा, प्रत्येकावर लिहायचं की डाऊन, म्हणजे पुढे सरकायची संधी, कितवा, किती यार्ड हवेत, कोण कुठे उभा, मैदानाच्या कुठल्या भागात, पळाले की फेकला. एका मॅचमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून शंभरावर प्ले होतात, कर हिशोब. मग त्यांतले प्ले जाड कागदावर मोठ्ठे काढायचे, वर्तुळं आणि बाण, आणि प्रॅक्टिसला ते कार्ड उंच धरून उभं राहायचं, म्हणजे आपले राखीव खेळाडू ते बघून समोरच्या टीमची नक्कल करतात. वर एअरपोर्टवरून कोणाला तरी आणायचं, सिनिअर कोचची कॉफी, आणि सकाळी साडेपाचला ऑफिसचे दिवे लावणं.

एकदा रात्री दीडला मला फोन, सर्व्हर लटकलाय. गेलो तर तळघरात एक जीए एकटाच, समोर थंड पिझ्झा. सर्व्हर चालू केला तरी तो मला सोडेना, म्हणतो हे बघ, हे बघ, आणि एकच प्ले वीस वेळा मागे-पुढे. समोरच्या टीमच्या डाव्या कोपऱ्यातला लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतला गडी, जमिनीवर हात टेकून बसतो ना, पळायचा प्ले असेल तेव्हा त्या हातावर पूर्ण वजन, बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि पास असेल तेव्हा हात नुसता टेकलेला. मला तर काय सगळे हात सारखेच दिसत होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये वरच्या कोचने, म्हणजे कोऑर्डिनेटरने, हे स्वतःचं म्हणून सांगितलं आणि आपला पोरगा मागच्या भिंतीला टेकून खूश, कारण आता त्या माणसाला त्याचं नाव माहीत झालं होतं. या धंद्यातला पगारवाढीचा प्रकार हाच. तुला हे ऐकून राग आला असेल तर विचार कर, आणि तो हात बघावासा वाटला असेल तर पुढे वाच.

जीए नंतर एखादी जागा मिळाली तर एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल कोच, नाव भारी, काम तेच, फिल्म. मग पोझिशन कोच, म्हणजे नुसत्या क्वार्टरबॅकचा, बॉल फेकणाऱ्याचा, किंवा नुसत्या लाइनमनचा. मग कोऑर्डिनेटर. इथे जरा थांबतो, कारण आपल्या लोकांना हे पटकन कळत नाही. या खेळात बॉल आपल्याकडे असताना अकरा जण खेळतात आणि बॉल त्यांच्याकडे गेला की वेगळेच अकरा येतात, आणि किकच्या वेळी तिसरेच. म्हणजे एका टीममध्ये तीन टीम, आणि प्रत्येकीचा प्रमुख कोच तो कोऑर्डिनेटर. दहा यार्ड जायला चार संधी, कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तसं इथे तिसऱ्या-चौथ्या डाऊनला होतं. दोन प्लेंच्या मधे ४० सेकंद, त्यात कोऑर्डिनेटरने प्ले निवडायचा, तो क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरमध्ये सांगायचा, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की ती लाइन आपोआप कट. तुझं ते मेन्यूकार्ड म्हणजे याच घाईसाठी केलेली सोय. आठवडाभर बसून ठरवलेलं असतं, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे प्ले, गुरुवारी तिसऱ्याचे, शुक्रवारी गोलजवळचे, आणि ते सगळं त्या एका कागदावर येतं. ऐनवेळी हुशारी करायला फार जागा उरत नाही रे.

आणि शेवटी हेड कोच. त्या जागा जगात ३२. अँडी रीडची वाट बघ, १९८२ ला स्वतःच्याच कॉलेजात जीए, मग सॅन फ्रान्सिस्को स्टेट, तिथे टीमकडे पैसे नसायचे म्हणून याने हॉट डॉग विकून वर्गणी जमवलीय, मग आणखी तीन कॉलेजं, १९९२ ला ग्रीन बेला असिस्टंट, १९९९ ला फिलाडेल्फियाचा हेड कोच. सतरा वर्षं. हेड कोच म्हणून पहिला सुपर बोल फेब्रुवारी २०२० मध्ये, तेव्हा वय ६१.

पैसे. सुरुवातीला विचारूच नकोस. बेलिचिकला १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने आठवड्याला २५ डॉलर्सवर ठेवला होता. आजच्या जीएचा स्टायपेंड म्हणजे तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं आणि वर थोडं. वरच्या टोकाला मात्र वेडेपणा आहे. निक सेबन अलाबामा युनिव्हर्सिटीत शेवटी वर्षाला एक कोटी डॉलर्सच्या वर घ्यायचा, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर कोण तर कॉलेजचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. तिथला गव्हर्नर त्याच्यापुढे शिपाई.

व्हिसाचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि कोच लोकांच्या खोलीत २० तास मंगळवारी दुपारीच संपतात, हे आधी विचारून घे, नियम मोडून काही करू नकोस. शिकून झाल्यावर एक वर्ष काम करता येतं, वर २४ महिने फक्त सायन्स-टेक्नॉलॉजीच्या ठरावीक डिग्र्यांना. म्हणून तू स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मागे लागू नकोस, डेटा नाहीतर कॉम्प्युटरचंच मास्टर्स कर आणि टीमच्या दारात उभा राहा. पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, त्यात युनिव्हर्सिट्यांना लॉटरीतून जावं लागत नाही, एनएफएल टीमला जावं लागतं. हे नियम हल्ली सारखे बदलतायत, अर्ज करायच्या आधी स्वतः तपास.

इंजिनिअर असण्याची लाज बाळगू नकोस. मॅट पॅट्रिशिया एरोनॉटिकल इंजिनिअर, कॉलेजात लाइनमन होता, दोन वर्षं इंजिनिअरची नोकरी केली, मग ती सोडून पुन्हा जीए झाला, २००४ ला पेट्रियट्समध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर, २०१८ ला डेट्रॉइटचा हेड कोच. २०२० ला काढलाही, तो भाग पुढच्या पत्रात येतोय.

आता नेरूळमध्ये बसून काय करशील? टीव्हीवरची मॅच बॉलच्या मागे पळते, ती बघून कोच होत नाही. कोच लोक वेगळी फिल्म बघतात, उंचावरून घेतलेली, ज्यात बावीसच्या बावीस जण दिसतात, तिला ऑल ट्वेंटी-टू म्हणतात, ती मिळव. एक टीम पकड, एक सीझन, फक्त तिसरे डाऊन, आणि एक्सेल शीट भर. कोणत्या तरी कॉलेजच्या कोचला मेल लिहिशील तेव्हा आय ॲम पॅशनेट वगैरे लिहू नकोस, ते रोज शंभर येतात, ती शीट पाठव. आणि सेक्टरमधल्या बारा पोरांना घेऊन रविवारी सकाळी फ्लॅग फुटबॉल, म्हणजे न पाडता कमरेची पट्टी खेचायचा प्रकार, सुरू कर. तू पत्रात खेळाबद्दल भरपूर लिहिलंयस पण कोणाला काही शिकवल्याचं एक वाक्य नाही. पोरं ऐकत नाहीत, अर्धी येत नाहीत, एकाची आई भांडायला येते, हे सगळं आवडतंय का ते आधी बघ. काही लोकांना कोच व्हायचं नसतं, एनएफएलच्या जवळ उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी तिकीट स्वस्त पडतं.

प्रश्न: नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. मुलगा अमेरिकेत डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस करतोय. तिथल्या फुटबॉल टीमला आकडेमोड करून द्यायला म्हणून गेला, तेही फुकट, आणि आता म्हणतो दुसरी नोकरी शोधणारच नाही, हेच करणार. परवा फोनवर सांगत होता, आई आमच्या हेड कोचला काढलं, त्याच्याबरोबर सगळा स्टाफ गेला, आणि हे सांगताना हसत होता! एज्युकेशन लोन आहे, मुली बघायला सुरुवात करायची होती. या क्षेत्रात माणूस सेटल कधी होतो?

उत्तर: ताई, होत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दुसरं काही लिहिलं असतं तर दोन वर्षांनी तुम्हीच मला शिव्या घातल्या असत्या.

तिकडे म्हणच आहे अशा अर्थाची की कोच दोनच प्रकारचे, एक काढलेले आणि एक काढले जाणारे. एनएफएलचा साखळी सीझन संपला की दुसऱ्या दिवशी सोमवारी इतके कोच काढतात की त्या दिवसाला नावच पडलंय, ब्लॅक मंडे. वर मी ज्या अँडी रीडचं कौतुक केलं त्याला फिलाडेल्फियाने चौदा सीझननंतर अशाच एका सोमवारी, ३१ डिसेंबर २०१२ ला नारळ दिला. आठवड्याच्या आत कॅन्सस सिटीने उचलला आणि तिथे त्याने तीन सुपर बोल जिंकले. बेलिचिकलाही क्लीव्हलँडने फेब्रुवारी १९९६ मध्ये काढलं होतं. म्हणून तुमचा मुलगा हसत होता, त्या लोकांत काढणं म्हणजे नापास होणं नाही, आपल्याकडे बँकेत बदली व्हायची ना रत्नागिरीहून एकदम नांदेडला, तसं काहीसं, फक्त इथे ऑर्डर यायच्या आधी खुर्ची जाते.

पण हेड कोचला काढतात तेव्हा त्याच्या करारातले उरलेले पैसे साधारणपणे त्याला मिळतात. खालच्या पोरांना काय मिळतं? खोका. सामान भरायला. मी तो दिवस एकदा बघितलाय. सकाळी हेड कोच गेला, दुपारपर्यंत माझ्याकडे यादी आली की या सतरा जणांचे लॉगिन बंद करा, आणि मी ते करत असताना त्यातलाच एक जण समोर उभा राहून म्हणाला, माझं शेवटी कर, मला दोन फाइल कॉपी करायच्यात. मी चहाला गेलो. त्याने काय कॉपी केलं ते मी बघितलं नाही, बहुतेक मुलांचे फोटो असतील.

आणि असे काढलेले लोक पुढची नोकरी लावतात ती ओळखीवरच. ज्याच्या हाताखाली काम केलं तो कुठेतरी हेड कोच होतो आणि आपली माणसं बोलावून घेतो, त्याला तिकडे कोचिंग ट्री म्हणतात, आपण घराणं म्हणू. सेबन क्लीव्हलँडला बेलिचिकच्या हाताखाली होता. त्यामुळे तुमच्या मुलाचं आज जे फुकट काम चाललंय ते अगदीच फुकट नाहीये, पण ते कोणासाठी चाललंय हे महत्त्वाचं. त्याला एवढंच विचारा की गेलेल्या स्टाफपैकी कोणी तुला फोन केला का, कुठे जातोयस वगैरे. केला असेल तर त्याला एक-दोन वर्षं द्या. नसेल केला तर त्याने नोकरी शोधावी आणि हे संध्याकाळी करावं, डेटावाल्याला ते जमतं, कोचला जमत नाही, तेवढा त्याला फायदा आहे. लोनचे हप्ते त्याच्या नावावर आहेत ना? मग ते त्यालाच भरू देत, तुम्ही भरत बसलात तर निर्णय कधीच होणार नाही.

तब्येतीचंही बघा. डिक व्हर्मील नावाचा कोच, फिलाडेल्फियाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेलेला, रात्र रात्र ऑफिसातच काढायचा, १९८२ च्या सीझननंतर थकलो म्हणून त्याने कोचिंगच सोडलं. परत आला १९९७ मध्ये, आणि १९९९ च्या सीझनला रॅम्सकडून सुपर बोल जिंकला. मधे चौदा वर्षं टीव्हीवर कॉमेंट्री.

मुली बघायचं म्हणाल तर बघा की, पण बायोडेटात नुसतं एमएस, यूएसए असं लिहू नका. ऑगस्ट ते जानेवारी हा माणूस घरी दिसणार नाही आणि पाच वर्षांत तीन गावं होतील, हे पहिल्या भेटीतच सांगा. ओहायोत कोच लोकांच्या बायका मी बघितल्यात, घर बदलायला त्यांना चार दिवस लागायचे, आपल्याला चार दिवस तर माळ्यावरची भांडी काढायला लागतात.

प्रश्न: मी ऐरोलीच्या एका शाळेत पीटी टीचर आहे. इंटरनेटवर बघून सातवी-आठवीच्या मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवायला घेतलाय, मुलींना जाम आवडतो. पण शाळा म्हणते याचा उपयोग काय, आणि ग्राउंड क्रिकेटवाल्यांनी अडवलेलं असतं. या खेळात बाईला कोच म्हणून काही भविष्य आहे का हो?

उत्तर: मॅडम, शाळेला सांगा की या खेळाचं ऑलिंपिकमध्ये जाणं आपल्या बीकेसीत ठरलं. खरंच. १६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीचं अधिवेशन मुंबईत होतं, तिथे मतदान होऊन क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही २०२८ च्या लॉस एंजेलिसला पास झाला, मुलांचा आणि मुलींचाही. सगळे पेपर क्रिकेटनेच भरले, याला कोपऱ्यात एक ओळ. पाच-पाच जण, धक्काबुक्की नाही, कमरेची पट्टी खेचली की खेळाडू थांबला. ग्राउंडही छोटं, ५० यार्ड लांब आणि २५ रुंद, दोन टोकांना दहा-दहा यार्ड जास्तीचे, म्हणजे क्रिकेटवाल्यांनी एक कोपरा सोडला तरी भागतं. पट्ट्यांना पैसे नसतील तर जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या फाडून दोन्ही बाजूंना खोचा, फक्त गाठ मारू देऊ नका, खेचल्यावर सुटली पाहिजे.

बाईचं भविष्य. २०१५ मध्ये जेन वेल्टरला ॲरिझोना कार्डिनल्सने ट्रेनिंग कॅम्पला इंटर्न कोच म्हणून घेतलं, एनएफएलमधली पहिली बाई कोच. फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाफवर केटी सॉवर्स होती, त्या मॅचमधली पहिली. त्यानंतर अजून बऱ्याच जणी आल्या, पण हेड कोच अजून एकही नाही, तेव्हा उगाच रंगवून सांगत नाही. फ्लॅगमध्ये मात्र जागा मोकळी आहे, अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी हायस्कूलच्या मुलींसाठी तो शाळेचा अधिकृत खेळ केलाय आणि त्यांनाही कोच कमी पडतायत. आपल्याकडे तर बोलायलाच नको, २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया म्हणून टॅकलवाली, म्हणजे धरून पाडायच्या खेळाची, लीग काढली होती, मुंबई ग्लॅडिएटर्स, पुणे मराठाज वगैरे नावं होती, आज विचारलं तर दहा जणांना आठवणार नाही. वरून पैसे ओतून काढलेलं खाली मुरलं नाही. तुमच्या मुली मात्र खालूनच आल्यात.

एक सुचवतो, प्रत्येक तासाचं वहीत लिहून ठेवा, कुठला प्ले शिकवला, कोणाला जमला, कोणाला नाही. आणि एका मुलीला, जी पळण्यात मागे आहे पण बडबड करते, तिला प्ले सांगायचं काम द्या. पावसाळ्यात ऐरोलीचं ग्राउंड म्हणजे तळं, तेव्हा वर्गात फळ्यावर वर्तुळं-बाण काढा, तिकडेही अर्धं कोचिंग वर्गातच होतं.

प्रश्न: फुटबॉल म्हणतात मग पाय कुठेय? – कोपरखैरणे

उत्तर: नाव जुनं, रग्बीच्या कुळातलं, तेव्हा पाय जास्त चालायचा. अजूनही किक मारून दांड्यांच्या मधून घातला की तीन पॉइंट मिळतात, आणि कित्येक मॅचेस शेवटच्या सेकंदाला त्यावरच ठरतात. शिवाय या किकवाल्यांना शिकवणारा कोचही मोठा होतो, जॉन हार्बॉ कितीतरी वर्षं हेच काम करत होता आणि २००८ ला बाल्टिमोरचा हेड कोच झाला. वडापावात पावाला कोण विचारतं, तसं आहे ते.

प्रश्न: आमच्या काळी आचरेकर सर शिवाजी पार्कवर एकटे शंभर पोरं सांभाळायचे, स्टंपवर नाणं ठेवायचे, झालं कोचिंग. या एनएफएलच्या टीमला वीस-पंचवीस कोच कशाला लागतात? हा पैशाचा माज नाही का? – एक निवृत्त वाचक, कळवा

उत्तर: थोडा माज आहे काका, नाकारत नाही. पण ५३ खेळाडू, तीन टीममध्ये विभागलेले, आणि सतरा मॅचेस, त्यात दर आठवड्याला नवीन प्लॅन. लाइनमनचा पाय कुठे पडतोय ते बघणारा माणूस त्याच वेळी क्वार्टरबॅकचा खांदा बघू शकत नाही.

आणि तुमच्या आचरेकर सरांसारखे तिकडेही होते. विन्स लोम्बार्डी, ज्याच्या नावाची ट्रॉफी सुपर बोल जिंकणाऱ्याला मिळते, तो न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये आठ वर्षं होता. तिथे तो लॅटिन, केमिस्ट्री आणि फिजिक्स शिकवायचा आणि शाळा सुटली की फुटबॉल, वर बास्केटबॉलची टीमही त्याच्याच गळ्यात. एनएफएलचा हेड कोच झाला तेव्हा ४५ वर्षांचा होता. सरांच्या नाण्याचं म्हणाल तर ती आयडिया मी ओहायोतल्या एका लाइन कोचला सांगितली होती, त्याने दुसऱ्या दिवशी ब्लॉकिंगच्या, म्हणजे धडका देऊन सराव करायच्या, ढकलगाडीवर एक डॉलरची नोट चिकटवली. पोरांनी गाडीच मोडली.